येत असेल त्याने उजवा

चिठ्ठी उघडली आणि निवेदिताने ती लगेच परत मिटली. मिटल्याने आतला घटक बदलणार नव्हता, तरी मिटली. 'घन व त्याच्या घडणी, इयत्ता पाचवी.' घडण म्हणजे खोकं उलगडून सपाट पसरलं की जो आकार दिसतो तो. कागदावरचा तो आकार बघायचा आणि खोकं न बनवता, मनातल्या मनात घड्या घालून, कुठली बाजू कुठे जाऊन बसेल ते सांगायचं. पाचवीतल्या पोरांना हे यावं अशी अपेक्षा असते. बी.एड.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या निवेदिताला ते येत नव्हतं, आणि धारवाडच्या त्या कॉलेजात ही गोष्ट तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हती.

दोन वर्षं तिने भूमितीला मोठ्या शिताफीने चुकवलं होतं. अपूर्णांक, शेकडेवारी, नफा-तोटा हे पाठ ती झोकात घ्यायची. भूमिती वाट्याला आली की श्रीहर्षशी अदलाबदल. सराव पाठांना दोघं एकाच शाळेत जात, आणि तो भोळा बिचारा समजत होता की हिला नफा-तोट्याची फार आवड आहे. पण शेवटच्या पाठाला चिठ्ठी असते आणि चिठ्ठीला अदलाबदल नसते. बेळगावहून परीक्षक बाई येणार, मागच्या बाकावर बसणार, आणि पास की नापास ते तिथेच ठरणार. हुबळीच्या ज्या मराठी शाळेत हे दोघं सरावाला जात, तिथे जूनपासून गणिताची एक जागा होती. मुख्याध्यापिकांचा कल निवेदिताकडे होता. पण पाठ पास व्हायला हवा, नाहीतर श्रीहर्ष होताच.

हिला दिशा कळत नाहीत असं म्हणणं फारच सौम्य झालं. कोप्पीकर रोडवर एखाद्या दुकानात शिरली की बाहेर पडताना ती आलेल्या बाजूलाच परत चालू लागे आणि बरंच पुढे गेल्यावर, मघाशी पाहिलेलाच चपलांचा ढीग दिसला की थांबे. मग मोबाइल काढून कुणाशी तरी बोलण्याचं नाटक करत मागे वळे, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की काहीतरी विसरलं असेल. डावा हात म्हणजे घड्याळाचा हात, हे तिने लहानपणी ठरवून टाकलं होतं. घड्याळ दुरुस्तीला टाकलं की ती स्कूटरला हात लावत नसे.

आणि ही मुलगी कुणाची, तर भूमापन खात्यात उभी हयात नोकरी केलेल्या अप्पांची. बंद खोलीत, डोळे मिटून, उत्तर कुठे ते अप्पा सांगू शकत. ती लहान असताना जेवायला बसलं की विचारायचे, "निवी, उत्तर कुठं?" ती ताटाकडे बघत राहायची. मग ते हसायचे. वाईट मनाने नव्हे, लाडानेच. "अगं, साधं आहे की. देवघर कुठल्या अंगाला? मग?" मग काय ते तिला कधीच कळलं नाही. 'साधं आहे' हे दोन शब्द ज्याने पहिल्यांदा मुलांसमोर उच्चारले, त्याला वर्गाबाहेर उभं करायला हवं होतं. निवेदिताच्या घशाखाली घास उतरायचा नाही, आणि अप्पा तिला आणखी भात वाढायचे.

कॉलेजात मागच्या सत्रात पद्मनाभ सरांनी एक चाचणी घेतली होती. तिरक्या-उलट्या आकृत्या, त्यातली कुठली मूळ आकृतीसारखी ते ओळखायचं. सोबत प्रश्नही होते. अनोळखी इमारतीत जिना शोधताना तुम्हाला किती धास्ती वाटते, नकाशावरून रस्ता सांगायला लागला तर किती. निवेदिताने सगळीकडे 'खूप' वर खूण केली. कागदावर नावं लिहायची नव्हती हे तिचं नशीब. नंतर सर म्हणाले होते, "मार्कांचं सोडा. सरावानं ते सुधारतं. पण शिक्षकाची धास्ती मुलांना लागते, सर्दी लागते तशी. ती सांभाळा." सगळ्यांनी ते लिहून घेतलं. निवेदिताला ते लिहून घ्यायची गरज पडली नाही.

कारण राणी. पाचवीच्या वर्गात खिडकीजवळ बसणारी, दोन घट्ट वेण्या, बोलायला तिखट. महिन्याभरापूर्वी निवेदिताने त्या वर्गाला शाळेचा आराखडा काढायला सांगितलं होतं, पुस्तकात होतं म्हणून. राणी विचारत होती, "टीचर, आपण गेटातून बघतोय की वर्गातून?" निवेदिताला उत्तर येत नव्हतं. ती घाईघाईने म्हणाली, "कुठूनही बघ, काढ पटकन." तेव्हापासून आकृती दिसली की राणी पेन्सिल खाली ठेवी. "मला येत नाही हे," असं म्हणे, आणि निवेदिता स्वतःशी जसं म्हणायची अगदी तसंच म्हणे. त्या पोरीला हे कुणी दिलं, ते निवेदिताला पक्कं ठाऊक होतं. बसमध्ये, आंघोळ करताना, कुठेही ते आठवलं की तिचे हात घड्याळाच्या पट्ट्याशी चाळा करू लागत.

चिठ्ठी मिटून ती श्रीहर्षपाशी गेली तेव्हाही घड्याळाचा पट्टा सोडत आणि लावत होती.

"घन आलाय मला."

"सोपाय की." श्रीहर्षच्या वाट्याला सरासरी आली होती. तो फार खुशीत होता. "मुलं उत्तर देतील की नाही एवढीच भीती ना? माझी आई काय करायची माहितीय? तपासणीला अधिकारी आले की सगळ्या वर्गानं हात वर करायचे. सगळ्यांनी. येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा. मागून बघणाऱ्याला वाटतं काय हुशार वर्ग आहे. आपण फक्त उजवेवाले उठवायचे."

"कुणाला कळलं तर?"

"अल्ल मारायती," तो कानडीत म्हणाला, "अगं बाई, कुणाला कळणार? आयुष्यभर केलं तिनं." त्याने खांदे उडवले. "उजवे तेवढे बघ, झालं."

बघणाऱ्याला उजवा-डावा कळतो हे तो गृहीत धरून चालला होता. सगळेच धरतात. निवेदिता हो म्हणाली, कारण नाही म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं.

त्याच दिवशी शेवटच्या तासाला तिने पाचवीला पढवलं. मुलांना हा खेळ अतोनात आवडला. तिने प्रश्न विचारायच्या आधीच पोरं हात वर करू लागली. राणीने विचारलं, "आणि कुणालाच येत नसंल तर?" निवेदिता म्हणाली, "उद्या येईल सगळ्यांना." शाळेतून घरी जाताना ती बसच्या खिडकीत बसून घोकत राहिली. समोरच्याचं उलटं असतं. माझा डावा तो त्यांचा उजवा. म्हणजे घड्याळाच्या बाजूचे हात शोधायचे. घड्याळाच्या बाजूचे. कंडक्टरने तिकीट विचारलं तेव्हा तिने त्याच्यासमोर दोन्ही हात वर केले होते.

विद्यानगरच्या घरी संध्याकाळी ती धारवाडी पेढ्याचा रिकामा घनाकार खोका उलगडत बसली. उलगडायची, मिटायची, पुन्हा उलगडायची. बाजूंना रंग दिले होते. लालसमोर हिरवा येतो, पिवळ्यासमोर निळा. हे तिने पाठ केलं, अगदी पाढे पाठ करावेत तसं. अप्पा चहाचा कप घेऊन शेजारी येऊन उभे राहिले.

"काय चाललंय?"

"उद्याचा पाठ."

अप्पांनी खोक्याकडे पाहिलं. "हे काय, साधं आहे की. ही बाजू अशी वळली की..."

"अप्पा, साधं नाहीये." तिचा आवाज चढला. "मला नाही दिसत ते. कधीच नाही दिसलं. तुम्ही उत्तर कुठं विचारायचात ना, तेव्हापासून मला कशातलंच काही दिसत नाही."

अप्पा कप तसाच घेऊन स्वयंपाकघरात गेले, आणि बराच वेळ नळ वाहत असल्याचा आवाज येत राहिला. तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला. ती पुन्हा घडी घालू लागली.

दुसऱ्या दिवशी परीक्षक बाई वेळेआधीच आल्या. फिकट निळी साडी, पिकलेले केस, चष्मा कपाळावर. पद्मनाभ सर आणि त्या मागच्या बाकावर बसले, आणि त्यांच्या बाजूला निरीक्षणाचा कागद घेऊन श्रीहर्ष. वर्ग गच्च होता. निवेदिताने फळ्यावर घटक लिहिला तेव्हा खडू दोनदा मोडला.

सुरुवात बरी झाली. तिने पुठ्ठ्याची घडण दाखवली, घडी घालून खोकं केलं, रंग दाखवले. लालसमोर हिरवा. पाठ केलेलं सगळं भराभर बाहेर येत होतं आणि ती थांबत नव्हती, कारण थांबली तर पुढचं विसरेल अशी भीती होती. मध्येच राणी उभी राहिली.

"टीचर, ही कडेची पट्टी तिथं नसती आणि एक घर खाली असती, तर झाकण झालं असतं काय?"

हे निवेदिताने पाठ केलं नव्हतं. वर्ग तिच्याकडे बघत होता, मागचा बाकही बघत होता.

"साधं आहे की," ती म्हणाली. "बस खाली. ते नंतर."

राणी बसली. स्वतःच्या तोंडून आलेला तो आवाज निवेदिताला ओळखीचा वाटला, पण कुणाचा ते शोधायला तिच्याकडे सवड नव्हती. तिने दोन नव्या घडणी फळ्यावर लावल्या. दोन्हींत सहा-सहा चौकोन. एकीचं खोकं होणार. दुसरीत दोन चौकोन एकमेकांवर येणार आणि एक बाजू उघडी पडणार. तिने प्रश्न टाकला.

"या दोन्हींपैकी कुठलीचं खोकं होईल?"

सगळा वर्ग हात वर करून बसला. एकही हात खाली नव्हता. मागे परीक्षक बाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला.

उजवे बघ. निवेदिताने हातांकडे पाहिलं. उलटं करायचं. पण आपण बसमध्ये उलटं करून ठेवलं होतं की आता करायचं आहे? घड्याळाच्या बाजूचा म्हणजे त्यांचा... की तो उलट करून...? डोकं गच्च झालं. पण एक गोष्ट तिला दिसली. जवळजवळ सगळे हात एकाच बाजूचे होते, तिच्या मोकळ्या मनगटाच्या बाजूचे. इतक्या मुलांनी वर केलाय तो उजवाच असणार. म्हणजे सगळ्यांना समजलं. आपण शिकवलं आणि त्यांना समजलं. तिला एकदम इतकं हलकं वाटलं की ती हसली.

"श्रीवत्स, तू सांग."

श्रीवत्स उभा राहिला आणि गोंधळून इकडेतिकडे बघू लागला. "दोन्हीचं," तो म्हणाला.

"नीट बघ. बरं, बस. नागसेन?"

नागसेन उभा राहिला. त्याचा हात अजून वरच होता. तो नुसता त्या हाताकडे डोळ्यांनी खुणावत राहिला. निवेदिताने त्याला बसवलं. एकीने तरी नीट सांगावं, एकीने.

"राणी."

राणी उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता. तिने निवेदिताकडे पाहिलं, मागच्या बाकाकडे पाहिलं, आणि मग तिला आवरलं नाही.

"टीचर, मी डावा वर केलता की. तुम्हीच म्हणालाय, येत नसंल त्यानं डावा. मग मलाच का उठवालाय?"

वर्गात कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. श्रीहर्षने कागद तोंडासमोर धरला. पद्मनाभ सर जमिनीकडे बघत होते. परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं. आता संपलं, हे निवेदिताला कळलं. शाळेतली जागा गेली, वर्षाची मेहनत गेली, आणि दोन वर्षं लपवलेलं सगळं या पोरीने एका दमात उघड्यावर आणलं. राणीवर ओरडावं असं तिला क्षणभर खरंच वाटलं. पण राणी रडायच्या बेतात होती. चूक झाली ती आपलीच, असं तिला वाटत होतं. लहानपणी जेवणाच्या ताटाशी निवेदिताचाही चेहरा असाच व्हायचा.

"तुझं बरोबर आहे," ती म्हणाली. "चुकले मी. मला समोरून डावा-उजवा कळत नाही."

कुणी हसलं नाही. मुलांना ते खरं वाटेना.

"हात वर ठेवा सगळ्यांनी. तसेच. मी बघते."

ती फळा सोडून निघाली. बाकांच्या मधून चालत पार मागे गेली, परीक्षक बाईंच्या बाकाच्याही मागे, भिंतीला पाठ टेकेपर्यंत. आता मुलांची तोंडं जिकडे, तिकडेच तिचं तोंड. त्यांचा डावा तो तिचा डावा. तिने घड्याळाचा हात वर केला आणि समोर पाहिलं.

सगळे डावे होते. सगळा वर्ग, खिडकीपासून दारापर्यंत. उजवा हात एकच होता आणि तो डोकं खाजवत होता.

कुणालाच काही समजलं नव्हतं. मघाशी जे बघून ती हसली होती ते हेच. रडायला वेळ नव्हता. तास संपायला आला होता आणि परीक्षक बाई उठून गेल्या नव्हत्या. तिने पिशवीतून पेढ्याचा खोका काढला आणि मधल्या बाकावर ठेवला.

"या इकडे सगळे. राणी, तू मघाशी विचारलंस ना, ही पट्टी एक घर खाली असती तर? मला माहीत नाही. मला वाटतं, झाकण होणार नाही. काप आणि लावून बघ."

मुलं बाकांवर चढली. राणीने पट्टी कापली, थुंकी लावली, मग कुणीतरी डिंक दिला. घडी घातली. झाकण झालं.

"टीचर चुकल्या," नागसेन म्हणाला, मोठ्या आनंदाने.

"चुकले. आता आणखी एक घर खाली. सांगा आधी, मग लावा."

मुलं भांडू लागली. एक म्हणे होणार, दुसरा म्हणे कसं होईल, बघ की, ही बाजू इथं येते. निवेदितालाही अंदाज सांगायला लावला त्यांनी, आणि या वेळी तिचा बरोबर आला, तेव्हा तिला आपण वर्गात आहोत याचाही विसर पडला. घंटा झाली तेव्हा पाठाचा शेवट, गृहपाठ, फळ्यावरचा सारांश, यातलं काहीच झालेलं नव्हतं. जमिनीवर पुठ्ठ्याचे तुकडे पडले होते.

व्हरांड्यात परीक्षक बाई म्हणाल्या, "हा हातांचा प्रकार मी पुष्कळ शाळांत पाहिलाय. चुकीचे हात उठवणारी तूच पहिली."

निवेदिता घड्याळाचा पट्टा सोडू लागली.

"मी तुला पास करू शकत नाही. मुलांना पढवून ठेवलंस, ते मला दिसलं आणि ऐकूही आलं. फेरपाठ घ्यावा लागेल. महिनाअखेरीला, याच वर्गावर, हाच घटक." त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. "शेवटचा तो गोंधळ होता ना, तिथनं सुरू कर."

श्रीहर्षचा पाठ दुपारी झाला आणि तो पास झाला. जूनची जागा त्याची, हे कुणी सांगायला नको होतं. तो तिच्यासमोर येऊन चाचरत म्हणाला, "मला काय माहीत ग, तुला..." ती म्हणाली, "तुला कसं माहीत असणार? मी सांगितलंच कुठं?" त्याच्यावर तिचा राग नव्हता. अप्पांना कसं सांगायचं ते मात्र ठरत नव्हतं. खरं सांगायचं, एवढं ठरलं.

शाळा सुटल्यावर ती फाटकापाशी रिक्षाची वाट बघत होती. राणी दप्तर फरफटत आली आणि थोडं लांब उभी राहिली.

"टीचर, माझ्यामुळं नापास झालाय काय?"

"नाही ग. माझ्यामुळं."

राणीने विचार केला. तिला ते पुरेसं वाटलं नसावं. ती जवळ आली आणि आवाज बारीक करून म्हणाली, "परत घेणार हाय न्हवं तुम्ही? मग असं करू या. येत असंल तर खिडकीकडचा हात वर करतो आम्ही. येत नसंल तर दाराकडचा. खिडकी तुम्हाला पण तीच, आम्हाला पण तीच. चुकायचंच न्हाई."

फाटकापाशी उभं राहून ही पोरगी वर्गाची खिडकी धरून दिशा लावत होती. महिनाभर जी म्हणत होती मला येत नाही, तीच. अप्पांनी देवघर धरून हेच सांगितलं होतं, फक्त हसून सांगितलं होतं.

"छान आहे हे," ती म्हणाली. "पण नको. पुढच्या वेळी येत असेल त्याने गप बसायचं. येत नसेल त्यानेच हात वर करायचा."

"कुठला?"

"कुठलाही."

राणीने दप्तर खाली टाकलं आणि तिथेच, फाटकापाशी, हात वर केला. "त्या दुसऱ्या घडणीचं मला अजून कळलं न्हाई," ती म्हणाली.

तो डावा होता की उजवा, हे निवेदिताने पाहिलंच नाही. आलेली रिक्षा तिने जाऊ दिली, पिशवीतून पेढ्याचा फाटका खोका काढला आणि फाटकाच्या पायरीवर, राणीच्या शेजारी, तिचं तोंड जिकडे होतं तिकडेच तोंड करून बसली.